अभ्यासिकेचा राउटर : कार्ड निवडण्याच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज अभ्यासिकेत मोजून ५८ पोरं-पोरी होते. साडेआठला नेट पुन्हा बसलं. पंचायतीतल्या फायबरच्या डब्यावरचा हिरवा दिवा लागलेला होता, म्हणजे लाइन शाबूत. बसला तो राउटर. बंद-चालू केला की दहा मिनिटं चालतो आणि परत तेच. तीन महिन्यांपासून हे सुरू आहे. पोलीस भरतीची, एमपीएससीची तयारी करणारी ही पोरं दिवसभर शेतात नाहीतर कापसाच्या जिनिंगवर राबतात. रात्री आठ ते साडेदहा एवढाच वेळ त्यांच्या हाती असतो. तो राउटरपायी जाऊ द्यायचा नाही, म्हणून हे काम अंगावर घेतलं.

मांडणी लिहून ठेवतो. भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आली आहे आणि तिच्यावर १०० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं आहे. चौकाच्या तीन बाजूंना तीन इमारती : पंचायत, जिल्हा परिषदेची शाळा आणि अभ्यासिका. शाळेत एक सर्व्हर आहे. त्यावर सरांनी रेकॉर्ड केलेले तास, जुन्या प्रश्नपत्रिका आणि किविक्समधून (नेटशिवाय संकेतस्थळं वाचायचा प्रोग्राम) भरलेला विकिपीडिया आहे. पोरं ते सगळं अभ्यासिकेत बसून बघतात. पंचायतीचं दप्तर या दोघांपासून वेगळं ठेवायचं, ही सरपंचताईंची अट आहे आणि ती रास्त आहे. शाळा आणि अभ्यासिकाही एकमेकांपासून वेगळ्या ठेवल्या. म्हणजे तीन वेगळी नेटवर्कं, आणि त्यांच्यामधला प्रत्येक बाइट राउटरमधूनच जाणार.

म्हणून बाहेरच्या १०० एमबीपीएसचा हिशेब इथे पुरत नाही. पन्नास जणांनी एकाच वेळी व्हिडिओ लावला तर शाळा आणि अभ्यासिका यांच्यामध्येच अडीचशे-तीनशे एमबीपीएस जातील, आणि कोणी सरांची अख्खी फोल्डर उतरवायला घेतली की गिगाबिट भरेल. घरगुती राउटर मोडतो तो तिथेच.

माझ्या दुकानात एक जुना ऑफिसचा मिनी टॉवर पडून आहे : आय५-४५७०, चार कोर, ३.२ गिगाहर्ट्झ, ८ जीबी रॅम. त्यावर फ्रीबीएसडी १४.२ ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची आणि फायरवॉलला पीएफ, म्हणजे कोणतं पॅकेट सोडायचं आणि कोणतं अडवायचं ते ठरवणारा प्रोग्राम. पीएफ मुळात डिसेंबर २००१ मध्ये ओपनबीएसडी या दुसऱ्या सिस्टीमच्या ३.० आवृत्तीबरोबर आलं आणि २००४ च्या ५.३ आवृत्तीपासून फ्रीबीएसडीतही आहे. त्याचे नियम वाचताना साध्या वाक्यांसारखे वाटतात, म्हणून माझ्यामागे दुसऱ्या कोणालाही सांभाळता येतील. मशीन आहे, सिस्टीम ठरली. उरला प्रश्न नेटवर्क कार्डांचा.

५ फेब्रुवारी

आज फक्त कागदावरचं गणित.

कार्डाच्या खोक्यावर १००० लिहिलेलं असतं. तो आकडा सेकंदाला जाणाऱ्या मेगाबिटांचा, आणि आठ बिटांचा एक बाइट. राउटरला मात्र बिट मोजावे लागत नाहीत, पॅकेटं, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे, मोजावी लागतात. प्रत्येक पॅकेटचं शीर्ष, म्हणजे वरचा पत्ता, वाचायचं, पीएफला विचारायचं, वाट शोधायची, दुसऱ्या कार्डाकडे द्यायचं. पॅकेट ६० बाइटचं असो की १५०० चं, हे काम तेवढंच.

पॅकेट तारेवर ज्या आवरणातून जातं ती फ्रेम. इथरनेटची सगळ्यात लहान फ्रेम ६४ बाइटची. तिच्या आधीचे ८ बाइट आणि नंतरची १२ बाइटची मोकळी जागा धरून तारेवर ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट. गिगाबिटला त्याने भागलं की सेकंदाला १४,८८,०९५ पॅकेटं. पूर्ण भरलेली फ्रेम तारेवर १,५३८ बाइटची, तिचा हिशेब सेकंदाला ८१,२७४ पॅकेटं. तोच वेग, आणि काम अठरा पटीने कमी-जास्त. ३.२ गिगाहर्ट्झच्या एका कोरला लहान पॅकेटांच्या गर्दीत एका पॅकेटमागे प्रोसेसरच्या घड्याळाचे जेमतेम २,१५० ठोके मिळतात. मोठ्या पॅकेटांत ३९ हजारांच्या वर.

हे मी संध्याकाळी पारावर सांगत होतो. हिंगणघाटच्या बाजार समितीत अनेक वर्षं काट्यावर काम केलेले काकाजी ऐकत होते. म्हणाले, "मंग यात नवं काय हाय? काट्यावर वजनाले टाइम नाई लागत बापा, गाडीले लागते. ट्रकभर कापूस असो का बैलबंडीभर, पावती एकच फाडा लागते." मला जे सांगायला पाव तास लागला असता ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. चांगलं कार्ड म्हणजे पावत्या फाडण्याचं जेवढं काम होईल तेवढं स्वतः करून प्रोसेसरचा भार हलका करणारं कार्ड. आता शोधायचं ते हे.

९ फेब्रुवारी, रविवार

आहे त्या सामानावर मोजून पाहिलं. एक पोर्ट बोर्डावरचा, दुसरं जुनं पीसीआय कार्ड, दोन्हींवर गिगाबिट लिहिलेलं. एका बाजूला लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला शाळेचा सर्व्हर, मध्ये आमचा मिनी टॉवर आणि वेग मोजायला आयपर्फ३ हा प्रोग्राम.

एका दिशेला ६०० एमबीपीएसच्या आसपास. दोन्ही दिशांनी एकदम सोडलं तरी बेरीज तेवढीच राहिली. याचं कारण कार्डात नाही, खाचेत आहे. जुनी ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झची पीसीआय बस सेकंदाला १३३ मेगाबाइटच वाहते, आणि तेवढ्यातच येणं, जाणं आणि खाचेतल्या सगळ्या कार्डांची वाटणी. गिगाबिटला एका दिशेलाच १२५ मेगाबाइट लागतात. दोन्ही दिशांना २५०. गल्लीतून दोन ट्रक समोरासमोर यावेत तशी गत.

जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटली. व्हीएमस्टॅट ही आज्ञा लावून इंटरप्टचे आकडे पाहिले तर ते कार्ड सेकंदाला तीस हजारांच्या वर वेळा प्रोसेसरला हाक मारत होतं, जवळजवळ प्रत्येक पॅकेटमागे एक. कोरांचा भार दाखवणाऱ्या टॉप या आज्ञेत चारपैकी एक कोर पूर्ण भरलेला आणि बाकीचे तीन रिकामे. चार मजूर आणि कुदळ एकच, असं हे मशीन आत्ता चाललं आहे.

पीसीआय कार्ड काढून कपाटात ठेवलं. ते पुन्हा यात लागणार नाही.

१६ फेब्रुवारी

आठवडाभर दुकान बंद झाल्यावर ड्रायव्हरांची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामांची, पानं वाचत बसलो. मॅन पेजमध्ये, म्हणजे सिस्टीमसोबतच्या माहितीच्या पानांत, प्रत्येक ड्रायव्हरखाली कोणत्या चिपा चालतात ते लिहिलेलं असतं. कार्ड निवडायला याहून चांगली जागा मला सापडली नाही. कार्डाचं नाव, खोकं, कंपनीचं लेबल हे सगळं वरवरचं. खाली चिप कोणती आणि तिचा ड्रायव्हर कसा लिहिला आहे, यावरच सगळं ठरतं.

मला चिपेकडून काय हवं ते आता नक्की झालं आहे.

पहिलं, इंटरप्ट आवरता आले पाहिजेत. थोडी पॅकेटं जमू द्यायची आणि मग एकदाच हाक मारायची. दुसरं, एकाहून जास्त रांगा हव्यात. चिप स्वतःच प्रत्येक पॅकेटचा पाठवणारा आणि घेणारा पत्ता व पोर्ट यांचा हॅश, म्हणजे त्यांच्यावरून ठरणारा एक आकडा, काढते आणि त्यावरून रांग ठरवते. प्रत्येक रांगेचा इंटरप्ट वेगळ्या कोरकडे जातो. एका संवादाची सगळी पॅकेटं एकाच रांगेत राहतात, त्यामुळे क्रम मोडत नाही, आणि पन्नास जणांचे संवाद चार कोरांवर वाटले जातात. ९ तारखेला तीन कोर रिकामे बसले होते ते याच सोयीच्या अभावी. तिसरं, चेकसम, म्हणजे पॅकेट वाटेत बिघडलं नाही ना हे पाहायची बेरीज, चिपेनेच तपासावा.

इंटेलच्या चिपांमध्ये ८२५७१ आणि ८२५७४ या ईएम ड्रायव्हरच्या, जुन्या पण भक्कम. ८२५७६, ८२५८०, आय३५० आणि आय२१० या आयजीबी ड्रायव्हरच्या, आणि या घराण्यात रांगा आहेत. आय२१० ला चार, आय२११ ला दोनच, आय३५० ला दर पोर्टमागे आठ. आय२११ आणि आय२१० दिसायला सारख्या, किमतीत थोडाच फरक, पण चार कोरांच्या मशीनला दोन रांगा म्हणजे दोन कोर पुन्हा मोकळे.

भाचा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "मामा, दहा गिगाबिटचंच घ्या ना, जुनं स्वस्त मिळतं." मिळतं हे खरं. ८२५९९ चिपेचं एक्स५२० कार्ड, ड्रायव्हर आयएक्स, नावाजलेलं आहे. पण ती कार्डं सर्व्हरच्या पेटीतल्या जोराच्या हवेसाठी बनलेली असतात. आमच्याकडे मे महिन्यात बंद खोलीत ती हवा आणायची कुठून? आणि स्विच, सर्व्हर, पोरांचे लॅपटॉप यांतलं एकही यंत्र दहा गिगाबिटचं नाही. अडीच गिगाबिटच्या आय२२५ चाही विचार केला. तिच्या पहिल्या आवृत्तीत दोन पॅकेटांमधल्या मोकळ्या जागेचा दोष होता हे जाहीर आहे, नंतरच्या आवृत्तीत आणि आय२२६ मध्ये सुधारणा झाली. पण जुन्या बाजारात आवृत्ती ओळखून घेणं कठीण, आणि अडीचचा उपयोग आम्हाला आज नाही.

ठरलं : आय३५०-टी४. एका कार्डावर चार पोर्ट : फायबर, पंचायत, शाळा, अभ्यासिका. पीसीआय एक्सप्रेसची दुसरी पिढी, चार लेन, म्हणजे डेटाच्या चार वाटा. एका लेनला सेकंदाला ५०० मेगाबाइट, चार लेनला २,००० एका दिशेने. चारही पोर्ट भरले तरी लागतील ५००. जागा भरपूर. वीज सुमारे ५ वॅट, आणि इन्व्हर्टरवर चालणाऱ्या खोलीत ही बाब मला वेगाइतकीच मोलाची आहे.

२३ फेब्रुवारी

नागपूरला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन आलो. चार दुकानं फिरलो, मिळालं नाही. एकाने "सर, गिगाबिट तो गिगाबिट है" म्हणून दुसरंच काही पुढे केलं. शेवटी एका विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवलं, सीलबंद नवीन, किंमत अपेक्षेपेक्षा बरीच कमी. ही किंमत पाहून मी तिथेच थांबायला हवं होतं.

२ मार्च, रविवार

कार्ड आलं आणि ते नकली आहे.

कसं ओळखलं ते सविस्तर लिहितो, कारण आय३५० च्या नकला बाजारात खूप आहेत आणि दुसऱ्या कोणाचे पैसे वाचावेत. दुकानातल्या भिंगाच्या दिव्याखाली धरलं. वरून सगळं बरोबर : हिरवी पाटी, चार पोर्ट, चिपेवर हीटसिंक. पण पोर्टच्या डब्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, तिथे नुसता गुळगुळीत पत्रा. मागे सोल्डरचे थेंब एकसारखे नाहीत, दोन ठिकाणी फ्लक्सचा पिवळट डाग पुसायचा राहिलेला. इंटेलच्या नव्या किरकोळ कार्डावर योटामार्कचं, म्हणजे अस्सलपणा तपासायचं, जे स्टिकर असतं त्याच्या जागी त्याची फिकट छपाई. हीटसिंकला बोटाने हलकंच ढकललं तर तो हलला.

तरीही लावून पाहिलं. फ्रीबीएसडीने आय३५० म्हणूनच ओळखलं, चारही पोर्ट दिसले. पाऊण तास पूर्ण भार दिल्यावर तिसऱ्या पोर्टचं लिंक जायला लागलं. दर दोन-तीन मिनिटांनी खाली, वर, खाली. टेबल फॅन समोर धरला की थांबलं, फॅन काढला की पुन्हा सुरू. फेब्रुवारी सरतानाच हे हाल, तर मे महिन्यात काय राहिलं असतं?

परत पाठवलं. पैसे परत यायला बारा दिवस लागले (ही ओळ नंतर घातली), आणि त्यासाठी भिंगाखालचे फोटो कामी आले. सील फोडण्याआधीपासून फोटो काढायचे, हे आता दुकानाच्या फळीवर खडूने लिहिलं आहे.

९ मार्च, रविवार

या वेळी नवीन शोधलं नाही. जुन्या सर्व्हरमधून काढलेलं, सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीच्या पार्ट नंबरचं आय३५०, साडेतीन हजारांना. पोर्टच्या डब्यावर बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं, हीटसिंक घट्ट, पाटीच्या कडेला सर्व्हरमधल्या वर्षांची काळी धूळ. ही धूळ पाहून बरं वाटलं. जे कार्ड चार-पाच वर्षं दिवसरात्र चाललं आहे, त्याची परीक्षा झालेली आहे.

अडचण पट्टीची निघाली. कार्डाला सर्व्हरची आखूड पट्टी होती आणि आमच्या मिनी टॉवरला लांब हवी. आखूड पट्टीवर कार्ड स्क्रूने बसत नाही, केबल ओढली की खाचेत तिरपं होतं. गावातल्या वेल्डिंगवाल्या भाऊंकडे जुन्या कार्डाची लांब पट्टी आणि हे कार्ड घेऊन गेलो. त्यांनी दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहिली, खिळ्याने चार चौकोनांच्या खुणा केल्या, कुलरच्या पत्र्याचा तुकडा कापला, कानसने कडा घासल्या आणि वरचं टोक काटकोनात वाकवलं. पाऊण तास लागला. "पैसे नको भाऊ, माही पोरगी बसते ना तिथं अभ्यासाले," म्हणाले. पट्टी इतकी नेमकी बसली की चारही पोर्टांच्या कडेला नखही जात नाही.

बसवताना एक चूक झाली, तीही लिहितो. खालची खाच लांब दिसली म्हणून कार्ड तिथे घातलं. पीसीआयकॉन्फ या आज्ञेने दाखवलं की लिंक एका लेनवर चालू आहे, कंसात क्षमता चार. खाच लांब, पण आतून तारा एकाच लेनच्या जोडलेल्या. एक लेन म्हणजे ५०० मेगाबाइट, कागदावर चार पोर्टांना काठोकाठ आणि प्रत्यक्षात कमी, कारण त्यातूनच बसचा स्वतःचा कारभारही चालतो. वरच्या, ग्राफिक्स कार्डाच्या खाचेत हलवलं. आता चारपैकी चार लेन, वेगही पूर्ण. कार्ड कुठेही घाला, एकदा हे तपासल्याशिवाय झाकण लावू नका.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवड. आज अभ्यासिका रिकामी, म्हणून मोजायला निवांत दिवस मिळाला.

आधी दोन सोयी बंद केल्या : टीएसओ आणि एलआरओ. या सोयी सर्व्हरसाठी चांगल्या आहेत. टीएसओमध्ये कार्ड जाणाऱ्या मोठ्या गठ्ठ्याचे तुकडे करतं. एलआरओमध्ये कार्ड येणाऱ्या पॅकेटांची जोडणी करून एक मोठं पॅकेट वर देतं. पण राउटरला ते पुढे जसंच्या तसं पाठवायचं असतं, आणि दुसऱ्याची टपालं वाटेत फोडून जोडण्याचा अधिकार टपालवाल्याला नाही. चेकसम मात्र चालू ठेवला.

निकाल : शाळा ते अभ्यासिका ९४१ एमबीपीएस. शीर्षांचा खर्च वजा जाता गिगाबिटवर टीसीपीला जास्तीत जास्त एवढेच मिळतात, म्हणजे वायर पूर्ण भरली. दोन्ही दिशांनी एकदम सोडलं तरी प्रत्येकी नऊशेच्या वर. पीएफ चालू असताना. दर पोर्टमागे चार रांगा, चार कोरांना एकेक. एकच संवाद चालवला तर एकच कोर हलतो, सोळा संवाद चालवले की चारही कोर कमी-जास्त सारखे, कोणताच चाळीस टक्क्यांच्या वर नाही. इंटरप्ट तीस हजारांवरून रांगेमागे काही हजारांवर आले.

लहान पॅकेटांची कसोटीही घेतली. लॅपटॉपला सेकंदाला पावणेतीन लाखांच्या पुढे पाठवताच आली नाहीत, तोच दमला. राउटरने आलेली सगळी पुढे दिली, एकही गळालं नाही. आमच्या पन्नास-साठ जणांच्या खऱ्या वापरात याच्या चौथाईही पॅकेटं येत नाहीत.

सर मागे उभे राहून पाहत होते. त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर इतिहासाचा दोन जीबीचा तास उतरवायला लावला. वीस सेकंदांच्या आत पूर्ण. त्यांनी पुन्हा एकदा लावला, खात्री करायला.

२२ मार्च

फायबर जोडली. कनेक्शन पीपीपीओईचं आहे, म्हणजे लॉगिन करून आणि प्रत्येक पॅकेटला आणखी एक आवरण घालून चालणारं, आणि त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या.

पहिली : बाहेरून येणारी सगळी पॅकेटं शून्य क्रमांकाच्या रांगेतच पडतात, एकाच कोरवर. चिप हॅश काढते ती आयपीच्या शीर्षावरून. पीपीपीओईत आयपीचं शीर्ष आणखी एका आवरणाच्या आत असतं, ते चिपेला दिसत नाही, म्हणून ती सगळं त्याच रांगेत टाकते. कार्ड चांगलं असूनही ही मर्यादा राहते. १०० एमबीपीएसला काहीच फरक पडत नाही, पूर्ण भरलेल्या पॅकेटांचा हिशेब सेकंदाला आठ हजारांच्या आसपास. पुढे गिगाबिटचं कनेक्शन घेतलं तर कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, ते काम दुसऱ्या कोरांवर वाटायला सांगता येतं, नेटआयएसआरचं डिस्पॅच 'डिफर्ड' करून. ते आत्ताच फाइलीत लिहून, टिप्पणीत ठेवलं आहे, म्हणजे आज लागू नाही.

दुसरी गोष्ट पोरांनी सांगितली. एका मुलीचं प्रवेशपत्र उतरत नव्हतं. पान उघडायचं, बटण दाबलं की चक्र फिरत राहायचं. मोबाइलच्या डेटावर लगेच उतरलं. तिला दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती, त्यामुळे तिचा चेहरा अगदी उतरला होता. दोन-तीन ठरावीक संकेतस्थळांवरच असं होत होतं आणि बाकी सगळं ठीक.

कारण : पीपीपीओईचं आवरण ८ बाइट खातं, त्यामुळे १५०० ऐवजी १,४९२ बाइटचंच पॅकेट जातं. पलीकडच्या सर्व्हरने १५०० चं पाठवलं की वाटेतला राउटर त्याला "लहान पाठव" असा आयसीएमपी निरोप देतो. काही ठिकाणी फायरवॉल तो निरोपच अडवते, आणि सर्व्हर मोठी पॅकेटं पाठवतच राहतो. छोटी पानं येतात, मोठी फाइल अडते. पीएफच्या स्क्रब नियमात टीसीपीचा कमाल तुकडा १,४५२ बाइट केला : १,४९२ मधून आयपीच्या शीर्षाचे २० आणि टीसीपीच्या शीर्षाचे २० वजा. एक ओळ. नियम पुन्हा भरले, मुलीला बटण दाबायला सांगितलं, प्रवेशपत्र आलं. पंचायतीच्या प्रिंटरवर लगेच दोन प्रती काढून दिल्या.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी पूजा झाल्यावर जुना राउटर भिंतीवरून उतरवला. सरपंचताईंनी नव्या मशीनला हळदीकुंकू वाहिलं. रात्री ६१ जण. नेट बसलं नाही.

१३ एप्रिल

परवा संध्याकाळी अवकाळी आलं. विजा चौकाच्या अगदी जवळ कडाडल्या. शाळेकडे जाणारी तांब्याची केबल खांबावरून गेली आहे, साधारण ८५ मीटर. शाळेच्या स्विचचा एक पोर्ट गेला. कार्ड वाचलं, पण हे नशीब म्हणायचं. जवळ वीज पडली की लांब तांब्याच्या तारेत दाब उमटतो, आणि तो दोन्ही टोकांच्या यंत्रांत उतरतो. साडेतीन हजारांचं कार्ड आणि महिनाभराची मेहनत एका कडकडाटात जाऊ शकते.

आज दोन्ही बाजूंना मीडिया कन्व्हर्टर (तांब्यावरचे संकेत प्रकाशात बदलणारे डबे) लावून मध्ये फायबर टाकली. काच वीज वाहत नाही. आता कार्डापासून कन्व्हर्टरपर्यंत दीड मीटरचीच तांब्याची केबल, खोलीच्या आत. एक काळजी घेतली : खांबावरून ओढायच्या फायबरला आधारासाठी पोलादी तार जोडलेली असते. ती तार भिंतीबाहेरच हुकला बांधून सोडवली, खोलीत फक्त काचेचा धागा आणला. तारेसकट आत आणली असती तर एवढा खटाटोप करूनही वीज घरात यायला वाट राहिली असती.

११ मे, रविवार

आजचा दिवस उन्हाचा. दुपारी तीनला खोलीत ४१, पेटीच्या आत ५२. आय३५० कार्डाला कंपनीने ५५ अंशांपर्यंतच्या हवेची मर्यादा दिली आहे. तीन अंशांचंच अंतर राहिलं होतं.

पेटी उघडली तर कारण दिसलं. पुढच्या जाळीवर जिनिंगची रुई बसून तिची पांढरी गादी झालेली, बोटाने सोलली तर अख्खी निघाली. हंगाम संपून महिने झाले, तरी रुई गावच्या हवेत असतेच. जाळी साफ केली. बाजूच्या झाकणात कार्डाच्या अगदी समोर ८० मिलिमीटरचा पंखा बसवला, त्यावर गव्हाच्या चाळणीची बारीक जाळी, बाहेरून चार चुंबकांनी धरलेली, म्हणजे स्क्रूशिवाय काढून झटकता येते. आशाताईंकडून थर्मल गन आणली, तिच्यात वस्तूंचं तापमान मोजायची कळ आहे. अर्ध्या तासाने पेटीत ४५. हीटसिंकवर पंख्याआधी बोट ठेववत नव्हतं, आता ठेवता येतं.

कुलर मात्र खोलीतून काढायला लावला. गारवा येतो, पण ओल आणि खाऱ्या पाण्याचे तुषारही येतात, आणि पोर्टच्या धातूच्या टोकांवर हिरवा थर धरतो. यावर थोडा वाद झाला. दुपारी खोलीत बसणाऱ्या शिपाईभाऊंची अडचण खरी आहे, त्यांना बाहेरच्या ओसरीत टेबल आणि पंखा करून दिला.

८ जून, रविवार

मशीन ७० दिवस न थांबता चालू होतं. त्यात वीज रोज दोन-तीनदा गेली, एकदा सलग अकरा तास. इन्व्हर्टरने नऊ तास काढले, उरलेले दोन तास सरांच्या मोटरसायकलजवळ ठेवलेल्या जादा बॅटरीवर. चारही पोर्टांवरच्या चुकांची मोजणी नेटस्टॅट या आज्ञेत पाहिली : शून्य, शून्य, शून्य, आणि शाळेच्या पोर्टवर ३, तेही १३ एप्रिलला केबल बदलताना पडलेले.

दुसरं आय३५० मिळालं, त्याच प्रकारचं, सर्व्हरमधून काढलेलं. पाऊण तासाच्या भाराची परीक्षा घेतली, तीन वेळा. वेल्डिंगवाल्या भाऊंनी त्याचीही पट्टी करून दिली. स्थिर विजेपासून जपणाऱ्या चंदेरी पिशवीत घालून, पीएफच्या नियमांची छापील प्रत आणि "वरच्याच खाचेत लावणे" अशी चिठ्ठी जोडून पंचायतीच्या लोखंडी कपाटात ठेवलं आहे. चाव्या सरपंचताई आणि सर यांच्याकडे.

परवापासून पेरण्या. पोरं महिनाभर कमी येतील. तेवढ्यात अभ्यासिकेतल्या स्विचचं काम काढायचं.